व्यसनाची बेडी आणि मंडळीचें कर्तव्य

(वाचावयाचे उतारे : रोमकरांस पत्र ७:१४–२५, योहान ५:१–९, लूक १९:१–१०, गलतीकरांस पत्र ६:१–५.)

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत असें घराणें क्वचितच सांपडेल कीं ज्यांत दारूनें कधींच पाऊल टाकिलें नाहीं. कोठें बाप पितो, कोठें थोरला मुलगा. कोठें बाप्तिस्मा घेऊन वीस वर्षें झालेला, प्रार्थनासभेंत पुढें बसणारा बंधु बाजाराच्या दिवशीं गुत्त्यावर दिसतो. मग मंडळींत कुजबुज होते, पंच जमतात, आणि पाळकास किंवा उपदेशकास विचारितात, "हा मनुष्य पापी म्हणावा कीं रोगी म्हणावा?" पापी म्हटलें तर त्याला शिक्षा करून आपण मोकळे होतों, रोगी म्हटलें तर डॉक्टराकडे धाडून मोकळे होतों. दोन्ही रीतींनीं आपण मोकळे होतों, पण तो बिचारा बांधलेलाच राहतो.

ह्या प्रश्नाचें उत्तर देतांना आम्हीं स्वतः एकदां मोठी चूक केली आहे, ती आधीं कबूल करितों. सेवेच्या आरंभींच्या वर्षांत आम्ही एका मंडळींत असतांना तेथील एक बंधु वारंवार पिऊन पडत असे. तो सुतारकाम करी, आणि भजनाच्या वेळीं मृदंग वाजवी. आम्हीं त्याला दोनदां ताकीद दिली. तिसऱ्या वेळीं प्रभुभोजनाच्या रविवारीं सर्वांसमक्ष नांव घेऊन त्याचा कडक शब्दांत निषेध केला. लाजेनें तरी सुधारेल, असें आम्हांस वाटलें. तो मान खालीं घालून उठला, बाहेर गेला, आणि पुन्हां मंदिराची पायरी चढला नाहीं. दोन वर्षांनीं त्याला मूठमाती देण्यास आम्हांलाच बोलाविलें. त्या दिवशीं त्याच्या बायकोनें आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, तुम्ही त्यांच्याजवळ एकदां तरी नुसते बसलां होतां काय?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें. हा धडा त्या बाईच्या प्रश्नामुळेंच आम्ही लिहीत आहों.

१. व्यसनी मनुष्याच्या मेंदूंत काय होतें?

सन १९५४ सालीं कॅनडा देशांतील माँट्रिऑल शहरीं, मॅक्गिल विश्वविद्यालयांत, जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर ह्या दोघां विद्वानांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं उंदरांच्या मेंदूंत अगदीं बारीक तारा बसविल्या आणि पिंजऱ्यांत एक दांडी ठेविली. दांडी दाबली कीं तारेंतून विजेचा सौम्य प्रवाह मेंदूंत जाई. तार मेंदूच्या कांहीं ठराविक ठिकाणीं असली, तर उंदीर ती दांडी तासांत शेंकडों वेळां दाबी. पुढील प्रयोगांत असेंही दिसून आलें कीं भुकेलेला उंदीर समोरचें अन्न टाकून दांडीच दाबीत राहतो. बंधूंनो, मुलांच्या दुधाचे पैसे गुत्त्यावर देणाऱ्या बापाची ही जणूं प्रतिमाच आहे.

प्रथम विद्वानांस वाटलें कीं मेंदूचीं तीं ठिकाणें म्हणजे सुखाचीं ठिकाणें होत. परंतु पुढें अमेरिकेंतील मिशिगन विश्वविद्यालयाचे मानसशास्त्राचे प्रोफेसर केंट बेरिज व टेरी रॉबिन्सन यांनीं ह्या गोष्टीचा खोल विचार केला, आणि १९९३ सालीं आपलें मत मांडलें. त्यांचें म्हणणें असें कीं एखादी वस्तु आवडणें निराळें आणि ती हवीहवीशी वाटणें निराळें. मेंदूंत डोपामीन नांवाचें एक द्रव्य आहे; तें मुख्यत्वेंकरून ह्या दुसऱ्या गोष्टीचें, म्हणजे ओढीचें काम करितें. ज्या उंदरांच्या मेंदूंतील हें द्रव्य जवळजवळ नाहींसें केलें, त्यांच्या जिभेवर गोड पदार्थ ठेविला असतां ते पूर्वीप्रमाणेंच मिटक्या मारीत. परंतु पुढें ठेविलेल्या अन्नाकडे आपण होऊन जात नसत. आवड शिल्लक होती, ओढ नाहींशी झाली होती.

व्यसनी मनुष्याची दशा ह्याच्या उलट होते. दारू, अफू, तंबाखू हीं द्रव्यें मेंदूंतील ओढीची वाट पुन्हां पुन्हां तुडवितात. पावसाळ्यांत बैलगाडीचीं चाकें एकाच वाटेनें गेलीं म्हणजे चाकोरी खोल होते, आणि मग गाडीवानानें कासरा ओढला तरी चाक तिच्यांतच घसरतें. त्याप्रमाणें ओढ खोल होत जाते, परंतु आवड वाढत नाहीं, उलट पुष्कळदां ती ओसरते. म्हणून एखादा दारूबाज रडत म्हणतो कीं, "मला ती नकोशी झाली आहे, पण पाय तिकडेच वळतात," तेव्हां तो नेहमीं ढोंग करीत असतो असें समजूं नये.

प्रेषित पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत आपली हीच व्यथा सांगितली आहे. जें करावेंसें वाटतें तें हातून घडत नाहीं, आणि ज्याचा तिटकारा येतो तेंच घडतें. अंतःकरण देवाच्या नियमाला होकार देतें, पण अवयवांत दुसराच नियम लढत असतो. पौल तेथें दारूविषयीं बोलत नाहीं, सर्व मनुष्यजातीच्या पापदशेविषयीं बोलत आहे. म्हणून तो अध्याय केवळ गुत्त्यावरच्या मनुष्याचा नव्हे. तो तुमचा व आमचाही आहे.

२. मग दोष कोणाचाच नाहीं काय?

येथें कोणी म्हणेल, "दोष मेंदूचा ठरला, तर पश्चात्तापाची गरज काय?" असें म्हणणें बरोबर नाहीं. चाकोरी आपोआप पडत नाहीं. गाडी त्या वाटेनें कोणी तरी हांकिलेली असते. तथापि हेंही लक्षांत ठेवावें कीं सर्वांची जमीन सारखी नसते. जुळ्या भावंडांच्या पाहणीवरून असें दिसतें कीं दारूचें व्यसन जडण्याचा जो धोका, त्यापैकीं सुमारें अर्धा भाग वंशपरंपरेनें येतो. ज्याला लहानपणीं बापानें बाटली आणावयास धाडिलें, त्याची गोष्ट आणखी निराळी. यास्तव ज्याला हें व्यसन जडलें नाहीं त्यानें फुशारकी मारूं नये. त्यानें देवाचे आभार मानावे.

आणि व्यसन म्हणजे न टळणारी ललाटरेषाही नव्हे. पुष्कळ लोक दारू सोडितात, आणि महिनोनमहिने तिच्यापासून दूर राहिल्यावर त्यांचा मेंदू बऱ्याच अंशीं सांवरतो. मात्र जुनी चाकोरी पुष्कळ काळ राहते. म्हणून जुना सोबती किंवा ओळखीचा वास पुढें आला कीं वर्षांमागून गाढ झोंपलेली ओढ जागी होते.

तर मग आमच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं पापी किंवा रोगी ही निवडच खोटी आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायांत प्रभूनें पाप करणाऱ्याला पापाचा दास म्हटलें आहे. दासाला क्षमा हवी आणि सुटकाही हवी. मंडळीनें त्याला दोन्ही दिलीं पाहिजेत.

३. प्रोफेसर मिलर यांनीं काय शोधून काढिलें?

सुटकेच्या कामीं मंडळीला काय करितां येईल, हें समजण्यासाठीं एका ख्रिस्ती प्रोफेसराचें काम पाहूं. अमेरिकेंत न्यू मेक्सिको राज्याच्या विश्वविद्यालयांत विल्यम मिलर हे १९७६ पासून पुष्कळ वर्षें मानसशास्त्र शिकवीत असत. ते प्रेस्बिटेरियन मंडळीचे गृहस्थ. पाळकांच्या उपयोगासाठीं मानसशास्त्रावर एक पुस्तक त्यांनीं कॅथलीन जॅक्सन यांच्यासह १९८५ सालीं लिहिलें. त्या काळीं तिकडील पुष्कळ व्यसनमुक्तिगृहांत अशी समजूत होती कीं दारूबाज हा हट्टी व खोटारडा असतो, आणि कठोर शब्दांचा मारा करून त्याचा हट्ट मोडल्यावांचून तो सुधारत नाहीं. मिलर यांनीं ही समजूत पारखून पाहण्याचें ठरविलें.

१९८० सालीं त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं एक पाहणी प्रसिद्ध केली. पिण्याच्या संवयीनें त्रासलेल्या लोकांस निरनिराळ्या सल्लागारांच्या हातीं सोंपविलें होतें; शिकवण्याची रीत ठरलेली होती. सहा महिन्यांनीं पाहिलें तों कांहीं सल्लागारांचीं माणसें पुष्कळ सुधारलीं होतीं, कांहींचीं फार थोडीं. ह्या फरकाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग एकाच गोष्टीशीं जुळत होता : तो सल्लागार समोरच्या मनुष्याचें म्हणणें किती कळकळीनें व समजुतीनें ऐकून घेतो. इतकेंच नव्हे, तर ज्यांस ऐकून न घेणारा सल्लागार लाभला, त्यांच्यापेक्षां ज्यांस केवळ एक चांगलें पुस्तक देऊन घरीं पाठविलें तींच माणसें बरीं राहिलीं.

१९८२ सालीं मिलर हे नॉर्वे देशांत बर्गेन शहराजवळील एका व्यसनमुक्तिगृहांत गेले. तेथील तरुण मंडळी त्यांचें बोलणें मध्येंच थांबवून विचारीत, "हाच प्रश्न आपण कां विचारिला? हेंच वाक्य कां उचललें?" ह्या प्रश्नांस उत्तरें देतां देतां त्यांची रीत त्यांना स्वतःलाच स्पष्ट झाली. ती त्यांनीं १९८३ सालीं एका लेखांत मांडिली, आणि पुढें स्टीफन रॉल्निक यांच्यासह १९९१ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला. रीत थोडक्यांत अशी : वाद घालूं नये, दरडावूं नये; प्रश्न विचारावे, ऐकावें, आणि बदलण्याचें कारण त्या मनुष्याच्याच तोंडून निघूं द्यावें.

१९९३ सालीं त्यांनीं आणखी एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत असें आढळलें कीं सल्लागार जितका जास्त दरडावी, तितका तो मनुष्य वर्षभरानंतर जास्त पीत असे. हें वाचतांना आम्हांस तो प्रभुभोजनाचा रविवार आठवला.

असें कां व्हावें? कारण व्यसनी मनुष्याच्या अंतःकरणांत दोन पक्ष आधींच भांडत असतात. एक म्हणतो, "सोड", दुसरा म्हणतो, "आजचा दिवस असूं दे." पाळकानें मोठ्यानें पहिला पक्ष घेतला कीं तो मनुष्य दुसऱ्या पक्षाचा वकील होतो, आणि स्वतःच्या तोंडून दारूची बाजू मांडतां मांडतां तिलाच घट्ट धरितो. परंतु कोणी शांतपणें विचारिलें, तर तोच आपल्या तोंडानें सोडण्याचीं कारणें सांगूं लागतो. आणि जें मनुष्य स्वतः बोलतो तें त्याला पटतें.

ही एकच रीत खरी व बाकीच्या खोट्या, असें मात्र नव्हे. अमेरिकेंत १,७२६ रोग्यांवर एक फार मोठी पाहणी झाली, तिचीं फळें १९९७ सालीं प्रसिद्ध झालीं. तींत तीन उपचार ताडून पाहिले. एक मिलर यांच्या रीतीचा, चार भेटींचा. दुसरा संवयी पालटण्याच्या शिक्षणाचा, बारा भेटींचा. तिसरा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ह्या बंधुमंडळाच्या बारा पायऱ्यांकडे नेणारा, तोही बारा भेटींचा. हें बंधुमंडळ ऑक्सफर्ड ग्रूप नांवाच्या ख्रिस्ती संगतींतून १९३५ सालीं ओहायो राज्यांतील अॅक्रन शहरीं दोघां दारूबाजांच्या भेटींतून निघालें. त्याच्या सभा आतां महाराष्ट्रांतही भरतात. तिन्ही उपचारांनीं लोक सुधारले, आणि एकंदरींत तिन्हींचें फळ जवळजवळ सारखेंच आलें. प्रेमानें दिलेल्या चार भेटींचें मोल केवढें, हें उपदेशकांनीं ध्यानांत घ्यावें.

४. प्रभूची रीत

आतां शास्त्राकडे वळूं. बेथेस्दा तळ्याकांठीं अडतीस वर्षें पडून असलेल्या मनुष्याला प्रभूनें प्रथम उपदेश केला नाहीं; त्याला बरें व्हावयाचें आहे काय, असें विचारिलें. यरीहोच्या रस्त्यावरील आंधळ्या बार्तीमयालाही त्यानें विचारिलें कीं आपण त्याच्यासाठीं काय करावें. त्याला काय हवें हें प्रभूला ठाऊक नव्हतें काय? ठाऊक होतें. तरी तें त्या मनुष्याच्या मुखांतून यावें अशी त्याची इच्छा होती.

जक्कयाची गोष्ट पाहा. सर्व गांव त्याला पापी म्हणून नांवें ठेवीत होतें. त्यानें तो सुधारला नाहीं. प्रभु त्याच्या घरीं गेला, त्याच्या पंगतीस बसला. तेव्हां जक्कय आपण होऊन उभा राहिला, आणि अर्धें धन गरिबांस देण्याची व फसविलेल्यांस चौपट परत करण्याची गोष्ट त्यानेंच काढिली. वचन त्याच्या तोंडून आलें, म्हणून तें त्याचें झालें. गलतीकरांच्या पत्रांतही पौल सांगतो कीं जो अपराधांत सांपडला त्याला आत्मिक जनांनीं सौम्यतेनें ताळ्यावर आणावें, आणि त्या वेळीं स्वतःकडेही लक्ष द्यावें. हें वचन आम्ही सर्वांनीं वाचिलें आहे. पण दारूबाजापुढें उभें राहतांना तें विसरतों.

५. तीन इशारे

पहिला इशारा जिवाचा आहे. जो मनुष्य वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पितो, त्याच्याकडून एकाएकीं दारू बंद करवूं नये. दारूनें मेंदू मंद होतो, म्हणून मेंदू आपली चेतना वाढवून ठेवितो. दारू अकस्मात् थांबली कीं ती चेतना अनावर होते. हात कांपतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊं शकतात, आणि दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत ज्वर, थरकांप व भ्रम होऊन प्राणही जाऊं शकतो. अशा माणसाला खोलींत कोंडून केवळ उपवास-प्रार्थना करणें म्हणजे विश्वास नव्हे, देवाची परीक्षा पाहणें होय. अशा दशेंत भुतानें धरिलें असें कोणी म्हणालें तरी ऐकूं नये. सरकारी दवाखान्यांत न्यावें, आणि प्रार्थना त्याच्या खाटेजवळ करावी.

दुसरा इशारा आम्हां उपदेशकांच्या अभिमानाला आहे. मिलर व त्यांच्या सोबत्यांनीं २००८ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. व्यसनाच्या उपचारांत आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या कांहीं भेटी जोडल्या तर लोक अधिक सुधारतील, अशी अपेक्षा होती. परंतु तसा फरक दिसला नाहीं. स्वतः विश्वासी असूनही त्यांनीं हें लपविलें नाहीं. ह्यावरून प्रार्थना व्यर्थ आहे असें ठरत नाहीं. पण ती औषधाच्या मात्रेप्रमाणें मोजून पाजितां येत नाहीं, हें ठरतें. देव कधीं क्षणांतही पालटतो : मिलर व जॅनेट सी'दे बाका यांनीं २००१ च्या ग्रंथांत, ज्यांचें जीवन एकाएकीं व कायमचें बदललें अशा पंचावन्न लोकांच्या हकिगती तपासल्या आहेत. परंतु कोणाला दमस्काच्या वाटेवर उजेड दिसतो, कोणाला अम्माऊसची वाट पायीं चालावी लागते. वाट चालणाऱ्याला "तुझा पालट खोटा" असें आम्हीं म्हणूं नये.

तिसरा इशारा घरच्यांविषयीं. सौम्यता म्हणजे अन्यायाकडे डोळेझांक नव्हे. पिऊन बायकामुलांवर हात टाकणाऱ्याच्या घरांतून त्यांस आधीं सुरक्षित ठिकाणीं न्यावें, आणि गरज पडेल तर पोलिसांस कळवावें. मारणाऱ्या हाताखालीं बायकोनें सहन करीत राहावें, असें सांगणें ही सौम्यता नव्हे.

६. आतां काय करावें?

पिऊन आलेल्या मनुष्याशीं वाद घालूं नये. तो शुद्धीवर असतांना, बहुधा सकाळीं, त्याच्या घरीं जावें व ओट्यावर बसावें. प्रथम विचारावें, "दादा, ह्या गोष्टीविषयीं बोललों तर चालेल काय?" नको म्हणाला तर पीकपाण्याविषयीं बोलून परत यावें; पुढच्या आठवड्यांत पुन्हां जावें. होय म्हणाला तर विचारावें, "दारूपासून तुम्हांला काय मिळतें? आणि ती काय घेऊन जाते?" मग गप्प बसावें; हेंच सर्वांत कठीण. तो जें बोलेल त्यांतील सोडण्याकडे झुकणारा एक शब्द निवडून त्यालाच परत सांगावा : "म्हणजे धाकटीनें तुम्हांला भ्यावें, हें तुम्हांला सहन होत नाहीं." आपला उपदेश आवरून धरावा; तो मागेल तेव्हां थोडका द्यावा.

तो सोडील, आणि बहुधा पुन्हां घसरेल. घसरला म्हणजे सर्व फुकट गेलें असें समजूं नये. तीन महिने सोडिली होती, ते तीन महिने खरे होते. काय केल्यानें ते साधले, हें त्याला विचारावें. बाजाराच्या दिवशीं त्याच्यासोबत जाण्यास मंडळींतील एक बंधु नेमावा. प्रभुभोजनासंबंधानें शिस्त लागली तर ती चौघांत, एकांतांत, अश्रूंनीं लावावी, आणि परत येण्याची वाट त्याच वेळीं दाखवावी.

शेवटीं, उपदेशकबंधूंनो, तंबाखूची चंची कमरेस खोंचून दुसऱ्याला व्यसनावर उपदेश करूं नये. आणि भगिनींनो, मिश्रीची डबी विसरूं नका. तंबाखू व दारू एकाच मेंदूंत, पुष्कळ अंशीं एकाच वाटेनें जातात. ज्यानें आपली चंची आठ दिवस दूर ठेवून पाहिली, त्याला दारूबाजाची तळमळ कळेल, आणि त्याच्या बोलण्यांतील धार आपोआप कमी होईल.

मनन व चर्चेसाठीं प्रश्न :

१. रोम. ७ वाचून, आपल्या स्वतःच्या कोणत्या ओढीशीं तो अध्याय जुळतो, हें प्रत्येकानें मनांत ठरवावें.
२. जक्कयाला गांवानें जें दिलें व प्रभूनें जें दिलें, त्यांत फरक कोणता?
३. आपल्या मंडळींतून दारूमुळें दूर गेलेलीं माणसें कोण? ह्या आठवड्यांत त्यांच्याकडे कोण जाणार?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर बोलून देऊं नये, जाऊन द्यावें. ज्या बंधूपाशीं आम्ही बसलों नाहीं, त्याच्यापाशीं आतां बसतां येत नाहीं. तुमच्या गांवांत जो अजून जिवंत आहे, त्याच्या ओट्यावर तुम्हांस जागा आहे. प्रभु तुमच्याबरोबर जावो. आमेन.